भरलेला चमचा

पितळी भांड्यांनाही जीभ होती, तेव्हाची गोष्ट. हैबतनाना झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करत, घासून लख्ख करत आणि बुडावरची खूण बघून त्यांचे दोन ढीग लावत. मग त्यांत पुन्हा दारू भरत. एका ढिगाला भरलेला चमचा, दुसऱ्याला जरा उणा.

उण्या ढिगात ठोसरी नावाची पुंगळी होती. शेजारी चमचा रिता झाला की हिच्या पोटात दुखू लागे.

"उंची तीच, तोंड तेवढंच. मग त्या भवान्यांना भरभरून आणि मलाच हात राखून का?"

"अगं, तुझं पितळ जाड आहे," नाना समजावत. "आत जागाच कमी."

"जाड म्हणून हिणवता होय!"

एके दिवशी नानांची पाठ वळताच ठोसरीने बुडावरची खूण काजळीने माखली आणि गडगडत पलीकडच्या ढिगात घुसली. नानांनी तिच्यात भरलेला चमचा ओतला. ठोसरीला स्वर्ग दोन बोटं उरला.

बार उडाला तशी बंदुकीने नानांच्या खांद्यावर लाथच घातली. ठोसरी आतच अडकून बसली. हातोडीने ठोकून काढली, तेव्हा तिचं बूड असं फुगलेलं, की ती पुन्हा भरण्याजोगी उरली नव्हती.

"तुला कमी कधीच देत नव्हतो गं," खांदा चोळत नाना म्हणाले. "तुझ्या पोटात मावेल तेवढं देत होतो." आणि त्यांनी तिला भंगाराच्या डब्यात टाकलं.

तळाशी आपटल्या आपटल्या ठोसरीने विचारलं, "आता माझा वाटा कुणाला देणार?"