तळ्यातला चोर आणि तेहतीस अनारसे

"चोर! कुणीतरी चोर आहे! माझ्या तळ्यातली बेडकांची पिल्लं रोज पळवतोय!"

डोंगरतळीचा राजा वीरकुंजर सिंहासनावरून गरजला. बेडकांचं डराँव डराँव ऐकल्याशिवाय त्याला झोपच लागत नसे. यंदा पिल्लं दिसता दिसता नाहीशी होत होती. मग ओरडणार कोण?

तळ्याचा राखणदार येसू भोई हात जोडून उभा होता. "महाराज, मी सदा काठावर असतो. तिकडे माणूस फिरकत नाही!"

"मग तूच चोर! उद्या दुपारपर्यंत खऱ्या चोराला मुसक्या बांधून आण. नाहीतर मिशी भादरून राज्याबाहेर!"

इतक्यात शिपाई ओरडला, "सासूबाई आल्या!"

राजा टुणकन उडी मारून पडद्याआड!

अधिक महिना चालू होता. जावयाला अनारशांचं वाण द्यायला सासूबाई मुक्कामालाच आल्या होत्या. एकदा देऊन त्यांचं मन भरेना. रोज दुपारी ताजे तेहतीस अनारसे घेऊन त्या जावयाला शोधत फिरत. आणि वाणाला नाही कसं म्हणणार? म्हणून राजा कधी पडद्याआड, कधी पेटाऱ्यात, कधी रांजणात!

येसूची मुलगी भिवरा दारातून हे सगळं बघत होती. ती बापाच्या कानात म्हणाली, "बाबा, मिशीला तेल लावून ठेवा. वाचली म्हणून समजा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मडकं घेऊन दरबारात हजर झाली. मडक्यात एक काळा पाणकिडा वळवळत होता.

"हा चोर, महाराज."

"आणि मुसक्या?"

"याला सहा पाय. दोरा पुरला नाही!"

दरबार खिदळला. राजा लालबुंद झाला. "हा पिल्लं खातो? मग सगळे किडे वेचून मारा!"

"हे किडे माझ्या पणजोबांच्या आधीपासून तळ्यात आहेत. तरी बेडूक ओरडायचेच की! यंदा यांना एक साथीदार मिळालाय, आणि तो वाड्यातच आहे. दाखवते, पण आधी हे दालन साफ करायचा हुकूम द्या."

साफसफाई! राजाचा चेहरा एकदम खुलला. पाण्यात आपला मुकुट लख्ख दिसावा म्हणून त्यानं याच उन्हाळ्यात तळ्यातलं शेवाळ, कमळं आणि शिंगाड्याचे वेल मुळासकट उपटवले होते.

"दिला हुकूम! काहीही ठेवू नका!"

पडदे उतरले. पेटारे, रांजण अंगणात गेले. दुपारपर्यंत दालन आरशासारखं मोकळं झालं.

"वा!" राजा म्हणतो न म्हणतो, तोच बांगड्या किणकिणल्या.

"जावईबापू!"

राजा इकडे धावला. पडदा नाही! तिकडे धावला. पेटारा नाही! शेवटी एका खांबामागे उभा राहिला, तर दोन्ही बाजूंनी पोट बाहेर!

"सापडले!" म्हणत सासूबाईंनी पहिला अनारसा कोंबला. मग दुसरा. मग तिसरा. सातवा गिळून राजा कसाबसा किंचाळला, "माझे पडदे कुणी काढले?"

"ज्यानं तळ्यातले काढले त्यानंच, महाराज!" भिवरा म्हणाली.

"तळ्यात कसले पडदे?"

"शेवाळ, पानं, वेली! पिल्लं त्यांच्यात दडायची. किडा शोधून शोधून दमायचा. त्याला एखाददुसरं मिळायचं, बाकीची बेडूक व्हायची. आता तळं एकदम लख्ख! पिल्लानं पळावं कुठं? सांगा, साथीदाराच्या मुसक्या बांधू का? तुम्हाला दोनच हात आहेत, दोरा पुरेल!"

प्रधानानं डोळेच मिटून घेतले.

आणि राजा हसला! असा हसला, असा हसला की अनारशाची खसखस उडून थेट प्रधानाच्या दाढीत! "सापडलो! सासूबाईंनाही आणि तुलाही!"

येसूची मिशी वाचली. तळ्यात शेवाळ, कमळं, वेली परत लावायचा हुकूम सुटला. आणि तिथला शिंगाडा कायमचा भिवराच्या घराला मिळाला.

"आता माझे पडदे लावा! आत्ताच्या आत्ता!" राजा ओरडला.

सासूबाईंनी ताट पुढे सरकवलं. "लावतील हो सावकाश. अजून सव्वीस उरलेत, जावईबापू!"