नऊ माना आणि साठ म्हशी

फार पूर्वी एका नगरात एक विद्यापीठ होतं. जागा राजाने दिली होती, पण भिंती उभ्या राहिल्या त्या घराघरातून आलेल्या पायली-पायली धान्यावर. म्हणून त्याचा कारभार नगराच्या वतीने, कुलगुरू धरून, नऊ जणांचं मंडळ पाही. पहिल्याच बैठकीत मंडळातल्या विद्वानांनी विद्यापीठाची घंटा तांब्याची असावी की पितळेची यावर तीन दिवस वाद घातला. तेव्हापासून नियम झाला की मंडळात बोलायचं नाही. ठराव पटला तर मान हलवायची. चिटणीस माना मोजून वहीत लिहील.

नियम तसा चांगला होता. पुढे एक हुशार कुलगुरू आले. त्यांनी नियमाला हात लावला नाही, फक्त बैठकीची वेळ जेवणानंतरची केली.

त्या वर्षी बाजारातून मंडळावर रंगोबाशेट निवडून गेले. गुळाचे व्यापारी. शाळा कधी पाहिली नव्हती. वाचायला शिकले ते विद्यापीठाच्या ग्रंथशाळेत, कारण ती कोणालाही उघडी असे. ढेप फोडून चाखल्याशिवाय गूळ न घेणारा हा माणूस. पण पहिल्या बैठकीला श्रीखंड-पुरी झाली, वर मसाल्याचं दूध आलं, खिडक्यांना वाळ्याचे ओले पडदे होते, आणि कुलगुरू ठराव असे वाचत होते की जणू पाळणाच म्हणताहेत. शेटजींनी डोळे उघडले तेव्हा सगळे एकमेकांचं अभिनंदन करत होते. त्यांनीही केलं.

तिसऱ्या दिवशी दुकानात सोनाबाई कासारीण आली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ही ग्रंथशाळेत बसून झाडपाल्याच्या औषधांची पोथी वाचे. निम्म्या गल्लीचा खोकला तिनेच बरा केला होता.

"या सोनाबाई, किती गूळ देऊ?"

"गूळ राहू द्या शेटजी. पौर्णिमेपासून ग्रंथशाळा बंद. तिथे कुलगुरूंच्या पाहुण्यांसाठी घर होणार. पोथ्या म्हणे माळ्यावर टाकायच्या."

"कोण म्हणतं? मंडळ असलं काही करणार नाही. मी आहे ना तिथे."

"आहात, तेच तर. चिटणीसांनी वेशीवर ठराव लावलाय. नऊच्या नऊ माना हलल्या. तुमची तर दोनदा. त्यापुढे 'जोरदार पाठिंबा' असं लिहिलंय."

शेटजींनी नकळत मान चोळली. आजवर त्यांना कोणी खोट्या मापाचं म्हटलं नव्हतं. सोनाबाईनेही म्हटलं नाही. तिने बांगड्यांची टोपली उचलली आणि गूळ न घेता निघून गेली. ते त्यांना जास्त लागलं.

ते तडक चिटणीसांकडे गेले. "अहो, मी झोपलो होतो."

"झोप मोजायचा नियम नाही," चिटणीस म्हणाले. माणूस वाईट नव्हता, नियमाचा होता. "मान हलली, मी लिहिली."

"बरं, मला ठराव मांडता येईल?"

"कोणाही सदस्याला येतो. आजवर कोणी मांडला नाही. त्या वेळी जागं कोण असतं?"

पुढच्या बैठकीत शेटजींनी पोटाचं निमित्त करून ताकावर भागवलं. कुलगुरूंचे ठराव झाले, आणि आपलं काम उरकल्यावर कुलगुरूंनीही डोळे मिटले. मग शेटजी उठले आणि अगदी त्याच चालीत वाचू लागले: येत्या सोमवारी सूर्योदयाला मंडळाच्या सर्व सदस्यांनी, कुलगुरूंसह, विद्यापीठाच्या गोठ्यातल्या साठ म्हशींचं शेण स्वहस्ते काढावं.

मंडळावरच्या सेनापतींची मान छातीवर आली. पंडितांची आधी डावीकडे कलली, मग खाली. शेटजींनी आपली स्वतः हलवली. चिटणीसांनी मोजलं, शेटजींकडे एकदा पाहिलं, पुन्हा मोजलं.

"नऊ," ते म्हणाले आणि लिहून मोकळे झाले.

ठराव वेशीवर लागला, तसं सोमवारी सगळं नगर गोठ्यापाशी लोटलं. रेशमी धोतरं नेसलेले सदस्य आले. प्रत्येकाच्या हाती चिटणीसांनी एकेक घमेलं दिलं.

"हा ठराव मी केला?" कुलगुरू म्हणाले. "मला तर काहीच आठवत नाही."

"मलाही ग्रंथशाळेचा आठवत नाही," गोठ्यातून बाहेर येत रंगोबाशेट म्हणाले. त्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं होतं, हात कोपरापर्यंत हिरवे. "पण वहीत दोन्ही आहेत. माझ्या वाट्याच्या सात म्हशींचं मी काढलं. उरलेल्या त्रेपन्न तुमची वाट पाहताहेत."

"मी झोपलो होतो," सेनापती म्हणाले. "रणात कधी झोपलो नाही, पण तिथलं श्रीखंड फार घट्ट असतं."

लोक हसले. शेटजी हसले नाहीत. "झोपेतली मान खरी धरायची असेल तर घमेली उचला. खोटी धरायची असेल तर दोन्ही ठराव फाडा. ढेप एकच आहे. अर्धी गोड, अर्धी खारट असं सांगून मला ती विकता येणार नाही."

"शास्त्राप्रमाणे ग्रंथांचा न्याय वेगळा आणि म्हशींचा वेगळा," पंडितांनी सुरुवात केली. तेवढ्यात जवळच्या म्हशीने शेपटी उडवली आणि रेशमी धोतरावर नक्षी उठली. पंडितांचं मत तिथेच बदललं.

कुलगुरूंनी त्रेपन्न म्हशींकडे पाहिलं, मग लोकांकडे पाहिलं. लोक बरेच जास्त होते. दोन्ही ठराव फाडले गेले, आणि लगोलग नवा नियम झाला: बैठक जेवणाआधी, दारं उघडी ठेवून; आणि प्रत्येकाने हो की नाही, आणि का, हे तोंडाने सांगायचं.

सोनाबाई पुढे झाली. "मग ग्रंथशाळा उघडी राहणार ना, महाराज?"

कुलगुरूंनी मान हलवली.

चिटणीसांनी बोरू शाईत बुडवला आणि तसाच वहीवर धरून ठेवला. "तोंडाने, महाराज."

सगळं नगर ऐकत उभं होतं.

"राहणार," कुलगुरू म्हणाले. "तुमचीच आहे."

तात्पर्य: लोकांच्या वतीने ज्याने मान हलवायची, त्याला ती कशासाठी हलवली हे लोकांसमोर उभं राहून सांगता आलं पाहिजे.