केवळ भारतात विक्रीसाठी

एकदा एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध गृहस्थ राहत होते. त्यांना ज्ञानी म्हणावे की रिकामटेकडे, याबद्दल गावाचे एकमत नव्हते. नाव गुंडोपंत. ज्ञानी पुरुषाचा आश्रम नदीकाठी असावा अशी लोकांची अपेक्षा असते. पंतांचा आश्रम एसटी स्टँडमागच्या एका गाळ्यात होता, आणि तेथे तासाच्या भाड्याने व्हिडिओ गेम खेळायला मिळत.

तो काळ पिवळ्या कॅसेटींचा होता. कॅसेटवर नऊ लाख नव्याण्णव हजार खेळ असल्याचे छापलेले असे. आत अकरा निघत आणि तेच नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. लोकांना निवडणुकीच्या जाहीरनाम्यांची सवय असल्यामुळे कुणी तक्रार केली नाही. कॅसेट अडली की ती काढून तिच्या तोंडात फुंकर मारायची, हा त्यावरचा सर्वमान्य उपचार. फुंकर मारण्याचा अधिकार पंतांनी जुन्या मुलांकडे ठेवला होता आणि त्यात बढती केवळ सेवाज्येष्ठतेने होई.

गाळ्यात दराची पाटी नव्हती. मुलगा दारात आला की पंत प्रथम त्याच्या पायांकडे पाहत. पायांत बूट असले तर तासाला पाच रुपये, स्लिपर असली तर दोन. अनवाणी मुलाला ते दर सांगतच नसत, बाकड्याच्या टोकाला सरकायला लावत. डॉक्टरांच्या मुलाने एकदा या अन्यायाविरुद्ध दाद मागितली, तेव्हा पंतांनी त्याला चप्पल घालून यायला सांगितले. तो आला. पंत म्हणाले, "चप्पल नवी आहे. पाच."

हेरंबची स्लिपर सेफ्टी पिनेवर चालत होती. त्याचे वडील कोपऱ्यावर इस्त्रीचे दुकान चालवत. त्या बाकड्यांवर तो लहानाचा मोठा झाला. कॅसेट उघडून तिची तुटलेली तार डाग देऊन जोडणे, खोटे न बोलता गिऱ्हाईक टिकवणे आणि वीज गेली तर कुणाचा खेळ किती राहिला हे लक्षात ठेवणे, ही सारी विद्या त्याने पंतांपाशीच घेतली. पुढे पंतांची दृष्टी मंदावली तेव्हा गाळा त्यांनी त्याच्याच हाती सोपवला, आणि स्वतः दाराजवळच्या स्टुलावर बसून बशीत चहा पिण्याचे काम तेवढे आपल्याकडे ठेवले.

काळ बदलला. पिवळ्या कॅसेटी आणि तासाचे भाडे गेले, आणि मांडणीवर विकायला निळ्या डब्यांत खेळांच्या सीडी आल्या. या खऱ्या होत्या, कंपनीच्या होत्या, आणि डब्यावर जेवढे लिहिलेले तेवढे आत निघत असे. परदेशी कंपनीने या देशासाठी एक स्वस्त आवृत्ती काढली होती. खेळ तोच, डबा तोच, किंमत मात्र तिकडच्या निम्मी. डब्याच्या कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरांत एवढेच छापलेले, की ही प्रत केवळ भारतात विक्रीसाठी आहे.

पण निम्म्या किमतीतही विक्री बेताचीच होती. मुले मोबाइलवर फुकट खेळत आणि त्यांचे आईबाप त्यातच समाधानी होते. दिवाळीपर्यंत धंदा सावरला नाही तर गाळा सोडायचा, असे हेरंबने बायकोला सांगून टाकले होते. सांगताना त्याने आवाज अगदी सहज ठेवला होता. गाळा सोडल्यावर आपण कोण उरतो, हे मात्र त्याला ठाऊक नव्हते.

अशा वेळी शहरातून एक व्यापारी आला. गॉगल डोक्यावर, पाण्याची बाटली स्वतःची. त्याने मांडणीवरून नजर फिरवली आणि एकही खेळ हातात न घेता सगळे डबे मागितले. छापील किमतीवर थोडे वरच देईन म्हणाला. हे डबे तो परदेशी पाठवणार होता. तिकडे दुप्पट भाव असल्यामुळे लोक हातोहात घेतात, आणि कोपऱ्यात काय छापले आहे ते कुणी वाचत नाही. दर महिन्याला अशीच सगळी मांडणी उचलीन, म्हणजे तुम्हाला गिऱ्हाइकांची कटकटच नको, असेही त्याने सुचवले. अट एकच, की वरचा प्लास्टिकचा सील शाबूत हवा. शनिवारी गाडी घेऊन येतो, असे सांगून तो गेला.

गिऱ्हाइकाविना दुकान चालवणे हा सरकारी कार्यालयांचा विशेषाधिकार आपल्यालाही लाभणार, या कल्पनेने हेरंब हरखून गेला. संध्याकाळी त्याने पंतांना सगळे सांगितले.

"आणि गावातल्यांना हवा असला तर?" पंतांनी विचारले.

"गावातले येतात कुठे, पंत? आलेच तर कंपनीकडून पुन्हा मागवू."

पंत गप्प झाले. ते गप्प झाले की त्यांनी होकार दिला असे हेरंब धरून चाले. ही समजूत त्याने कधी तपासून पाहिली नव्हती.

शनिवारी सकाळी, दुकान जरा बघा असे पंतांना सांगून तो किराणा बाजारात रिकामी खोकी आणायला गेला. साबणाची खोकी डोक्यावर घेऊन परतला, तर पंत स्टुलावर बसलेले, हातात कात्री आणि पायांशी पारदर्शक प्लास्टिकचा ढीग. मांडणीवरच्या एकूण एक डब्याचा सील त्यांनी कापून काढला होता. मंद दृष्टीमुळे दोनतीन ठिकाणी बोटही कापले होते, पण डब्यांना ओरखडा नव्हता.

खोकी खाली ठेवायचेही हेरंबला सुचले नाही.

"रागाव," पंत म्हणाले. "दुकान तुझं आहे. मी तुला विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास."

यावर काही बोलण्याआधीच व्यापाऱ्याची गाडी दारात येऊन उभी राहिली. त्याने एक डबा उचलला, कडेवरून अंगठा फिरवला आणि जागेवर ठेवला. दुसरा उचलला, तोही ठेवला. सील फुटलेला माल आपल्या कामाचा नाही, असे त्याने शांतपणे सांगितले. तो संतापलाही नाही. भाव न पटल्यावर बाजारातला माणूस जसा पुढच्या टोपलीकडे वळतो तसा तो वळला.

पंतांनी त्याला थांबवले. "शेठ, आतला खेळ बिघडलाय का?"

"मला काय माहीत?" व्यापारी म्हणाला. "खेळाशी माझा काय संबंध?"

वाटेत अजून सहा गावे आहेत, असे म्हणून तो निघून गेला. गाडीचा धुरळा बसला तेव्हा हेरंबला वाचा फुटली. आणि ती फुटली ती चांगलीच.

"तुम्हाला हे शोभत नाही, पंत. उभं आयुष्य तुम्ही नकली कॅसेटी चालवल्यात. अकरा खेळांना नऊ लाख सांगितलेत. आणि माझ्या वेळेला तुम्हाला धर्म आठवला?"

"नकली चालवल्या, खरं आहे," पंत म्हणाले. "तेव्हा आपल्याला पंगतीला कुणी बोलावलंच नव्हतं. आपलं गाव आहे हेही त्या लोकांना ठाऊक नव्हतं. मागच्या दाराने शिरलो आणि जेवलो. ते पुण्य होतं असं मी कधी म्हटलं नाही. आता मात्र कुणीतरी आपली ऐपत पाहून आपलं पान मांडलंय. पानावरचं पोटभर खावं. बाहेर नेऊन विकलं, तर पुढच्या वेळी पान मांडलं जात नाही."

"कंपनी काय दया म्हणून देते? तिचा धंदाच आहे तो."

"धंदाच आहे. माझाही धंदाच होता. तुला दोन रुपये लावायचो ते दयेने नव्हे. पाच लावले असते तर तू आला नसतास आणि बाकडं रिकामं राहिलं असतं. म्हणून तुझे दोन रुपये खोटे होते का?"

पंतांनी कापलेले बोट तोंडात धरले, मग धोतराला पुसले.

"तुझ्या सातवीच्या मे महिन्यात मी पाटी लावली होती. आठवतं?"

हेरंबला आठवत होते. त्या सुट्टीत गाळ्यावर अचानक पाटी लागली होती, सर्वांना एकच दर, तासाला चार रुपये. चार रुपये त्याच्याकडे कधी एकत्र जमतच नसत. ती सुट्टी त्याने गाळ्याच्या खिडकीबाहेर काढली होती. उन्हात गज तापत, म्हणून त्यांना हात न लावता आतला पडदा पाहायचा, आणि आतला मुलगा चुकला की बाहेरून जीव तळमळायचा. पंत लोभी झाले, असे त्याने तेव्हा ठरवून टाकले होते. मोठेपणी त्याने त्यांना क्षमाही केली होती, अर्थात त्यांना न कळवता.

"त्या वर्षी एक मुलगा माझ्याकडून दोन रुपयांना तास आगाऊ घ्यायचा," पंत सांगू लागले, "आणि बाहेर जाऊन बूटवाल्याला साडेतीनला विकायचा. स्वतः खेळायचाच नाही. हुशार पोरगा. त्याचं पाहून आणखी तिघंचौघं तेच करायला लागले. बूटवाला पाच द्यायला तयार होईना, स्लिपरवाला खेळायला बसेना. माझं भाडं निघेना. मग मी सगळ्यांना एकच दर केला. विकणाऱ्यांचं काही बिघडलं नाही, त्यांनी भोवऱ्यांचा धंदा धरला. बाहेर राहिलास तो तू."

"मग पाटी काढलीत कशी?"

"शाळा सुरू झाल्यावर काढली. आणि एक नियम केला. पैसे घेतले की रिमोट त्याच मुलाच्या हातात द्यायचा, तिथल्या तिथे. एकदा बोटं बटणांवर पडली की तास विकावासा वाटत नाही. आज डब्यांचं मी तेवढंच केलं. सील असेपर्यंत तो माल असतो, हेरंब. उघडला की खेळ होतो."

मग हेरंबने विचारले, "कोण होता तो मुलगा?"

"नाव विसरलो."

"खरंच विसरलात?"

"गाव लहान आहे," पंत म्हणाले. "विसरावं लागतं."

हेरंबचा राग सगळा गेला होता असे नाही. उघडे डबे समोर होते आणि दिवाळी तोंडावर होती. संध्याकाळी डेपोतले कंडक्टर कुंभोजकर आले. हे गृहस्थ एके काळी याच बाकड्यावर फुंकर मारण्याच्या पदापर्यंत चढले होते. आता ड्युटी संपली की घरी जाऊन फुटबॉलचा खेळ खेळत आणि बायकोला मुलासाठी घेतला आहे असे सांगत. हेरंबने संकोचाने सील फुटल्याचे त्यांच्या कानावर घातले, थोडी किंमतही कमी केली. कुंभोजकरांनी डबा उघडून सीडी उजेडात धरली आणि चांगली आहे म्हणाले. एवढेच विचारले, की आधीच उघडलेली आहे, तर खेळून झाल्यावर परत घेशील का? म्हणजे थोडे पैसे घालून पुढची नेता येईल.

हे हेरंबच्या डोक्यात आले नव्हते. बंद डब्याचा मान ठेवता ठेवता त्याने आजवर उघडा डबा कधी दुकानात घेतलाच नव्हता. त्याने हो म्हटले. कुंभोजकरांनी ही बातमी डेपोत सांगितली, आणि डेपोत सांगितलेली बातमी प्रत्येक फाट्यावर उतरते. दिवाळीपर्यंत तेच डबे गावात घरोघर फिरू लागले. एकेका खेळाने चार घरे पाहिली. कुठल्याशा आईने एका डब्याला शाळेच्या पुस्तकासारखे खाकी कव्हरही घातले. श्रीमंती आली नाही, पण गाळ्याचे भाडे निघू लागले. हेरंबने गाळा सोडला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात वितरकाचा माणूस आला. स्वस्त आवृत्ती कंपनीने बंद केली होती. तिकडच्या बाजारात इकडचे डबे ढिगाने सापडले म्हणे. यापुढे इथेही तिकडचाच भाव. हेरंबने विचारले, सापडलेले डबे कुठले? आसपासच्या गावांचे आहेत, तुमच्या गावचा एकही नाही, असे त्या माणसाने सांगितले. मात्र भाव सर्वांना सारखाच वाढला आहे, कंपनीत भेदभाव चालत नाही, असेही तो अभिमानाने म्हणाला, आणि चहा घेऊन गेला.

पंत स्टुलावर होते. त्यांनी सगळे ऐकले होते. तुमचा उपयोग काय झाला, असे हेरंब विचारील म्हणून ते वाट पाहत असावेत. त्याने ते विचारले नाही. तो मांडणीवरचे वापरून वापरून कडा पांढऱ्या पडलेले डबे उगाच सारखे करीत राहिला.

"राग आला?" शेवटी पंतांनीच विचारले.

"राग नाही," हेरंब म्हणाला. "त्या सहा गावांतली पोरं डोळ्यांपुढे आली. आता दुकानासमोर उभी राहून किंमत बघत असतील. दुकानदार लोभी झाला, असंच त्यांना वाटत असेल. खरं काय झालं ते त्यांना कोण सांगणार?"

पंतांनी चहाची बशी खाली ठेवली.

"तू खिडकीबाहेर उभा असायचास," ते म्हणाले, "तेव्हा मलाही सांगवलं नव्हतं."

हेरंब त्यांच्याजवळ बाकड्यावर जाऊन बसला. दोघांनी त्या दिवशी दुकान नेहमीपेक्षा थोडे उशिरा बंद केले, एवढेच.

हातात एखादी वस्तू स्वस्तात आली, तर ती पुढे खपवण्याआधी क्षणभर आठवावे, की तो भाव लावताना कुणीतरी आपल्या पायांकडे पाहिले होते.