थंडीबाईनं जिंकलेलं नाक

एक राजा होता बघा, उधोराजा. तसा बरा होता, पण कुणी नुसतं "लावतोस पैज?" म्हणायचा अवकाश, हा लगेच "लाव!" कशावर लावायची, हरलो तर काय द्यायचं, काही विचारायचं नाही. आधी टाळी देऊन मोकळा. मिश्या मात्र एवढ्या मोठ्या की टोकावर पोपट बसेल. त्या मिश्या लक्षात ठेवा बरं का. पुढं कामाला येणार आहेत.

मग एकदा काय झालं, थंडीचे दिवस होते. राजा पहाटे एकटाच तळ्यावर गेला. धुकं असं की स्वतःचे पाय दिसेनात. पायरीवर एक म्हातारी बसलेली. अंगावर पांढरी घोंगडी, हातात ओलं लुगडं. ती बसली होती तिथलं गवतसुद्धा पांढरं पडलं होतं. ती थंडीबाई होती!

म्हणाली, "काय रे मिशीवाल्या, लावतोस पैज?"

"लाव!"

"मी हे लुगडं वाळत घालते. ते वाळेपर्यंत तू गळाभर पाण्यात उभं राहायचं. राहिलास तर यंदा मी लवकर जाते. बाहेर आलास तर तुझं नाक माझं."

आता मला सांगा, धुक्यात लुगडं वाळतं होय? हे शेंबड्या पोरालाही कळतं. राजाला नाही कळलं. उतरला पाण्यात.

मग पाय बधिर झाले. मग दात कडकडा वाजायला लागले. मग मिश्यांची टोकं काठीसारखी ताठ झाली. लुगडं आपलं तसंच टिपटिप गळतंय. शेवटी राजा बोंबलत बाहेर आला.

"हरलास," थंडीबाई म्हणाली.

राजानं दोन्ही हातांनी नाक झाकलं. "कापू नको गं म्हातारे!"

"कापते कशाला? नाक राहू दे तुझ्या तोंडावर. वास तेवढा मी नेते." असं म्हणून तिनं चिमटीत काहीतरी ओढलं आणि पदराला गाठ मारली. "आणि ऐक. तू ज्याच्यावर शिंकशील, त्याच्याही नाकातला वास या गाठीत येणार. चार लोकांत आपल्या तोंडानं सगळं कबूल केलंस, तरच गाठ सुटेल."

चार लोकांत? राजा मनात म्हणाला, हॅट्! म्हातारीकडून हरलो म्हणून सांगू? त्यापेक्षा रुमाल घेतो नाकावर.

पण रुमालानं शिंक थांबते का? घरी आला तो राणीवर शिंकला. दरबारात प्रधानावर शिंकला. जेवायला बसला तो आख्ख्या पंगतीवर शिंकला. झालं! वाड्यात एक नाक धड राहिलं नाही.

मग काय, जो तो दुसऱ्याकडं डोळे बारीक करून बघायला लागला. आमटी करपली, कुणाला वासच आला नाही, जिभेला कडू लागली तेव्हा कळलं. राणी म्हणाली, "आचाऱ्यानं काहीतरी कालवलंय!" मग अत्तराच्या कुप्या उघडल्या, तर कशालाच वास नाही. दासींच्या पेट्या उपसल्या. प्रधान सेनापतीच्या मागं मागं फिरायचा आणि सेनापती प्रधानाच्या. दोघं एकदा एकाच खांबाभोवती गोल गोल फिरले, एकमेकांवर नजर ठेवत. आणि सगळ्यात जोरात कोण ओरडायचं माहितीये? राजा! "चोर पकडा! सोडू नका!" खरा चोर असाच ओरडतो बरं का.

मग पाळी आली जमनीबाईची.

ही जमनीबाई डोंगरातली. उतारावर रोशा नावाचं गवत उगवतं, ते कापायची. तांब्याच्या मोठ्या डेगीत उकळायची. वाफ नळीतून यायची, गार व्हायची आणि पाण्यावर तेलाचा पातळ थर तरंगायचा. वास असा, की गवत आणि गुलाब एकत्र चुरगाळल्यासारखा. थंडी पडली की सगळं गाव तिच्या दारात. दोन थेंब तिळाच्या तेलात घालून म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना चोळायचे. एक थेंब फडक्यावर टाकून अंथरुणापाशी टांगायचा. राजा लहान असताना खोकून खोकून लाल व्हायचा, तेव्हा याच जमनीबाईनं त्याची छाती चोळलेली.

पण यंदा वाड्यात तेल आलं आणि वासच नाही. प्रधान ओरडला, "बाईनं फसवलं! उद्या दरबारात हिची डेग फोडा आणि हिला हाकला!"

खरं कुणाला ठाऊक होतं? एकट्या राजालाच. पण तोंड उघडलं का त्यानं? नाही उघडलं. रुमाल आणखी घट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. डेग मधोमध ठेवली. शेजारी घण घेऊन लोहार उभा. जमनीबाई आली, कमरेवर हात ठेवून. डोंगरातली बाई ती, राजालासुद्धा अरे-तुरे करायची.

"पाणी आणा," म्हणाली. पाण्यात तेल टाकलं. तरंगलं. "बघा, पाणी मिसळलेलं नाही."

प्रधान म्हणाला, "तरंगतंय? म्हणजे शेंगदाण्याचं गोडंतेल आहे!"

"बरं. तुझं उपरणं दे." उपरण्यावर थेंब टाकला. उन्हात धरलं. थोड्या वेळानं थेंब उडून गेला, डागसुद्धा नाही. "गोडंतेल असतं तर डाग पडला असता."

"डाग नाही? म्हणजे नुसतं पाणीच आहे!"

काय बोलणार अशा माणसाला? तरंगलं तर तेल, उडालं तर पाणी. लोहारानं घण उचलला.

"थांब रे," जमनीबाई म्हणाली. तिचं लक्ष केव्हापासून राजाच्या रुमालाकडं होतं. सगळे ओरडत होते, हा एकटाच गप्प. तिला आली शंका. ती बाहेर गोठ्याकडं जाऊन आली आणि तिनं एक वाटी राजापुढं धरली. "उधो, तू सांग. याला रोशाचा वास येतोय का? तू म्हणशील ते खरं."

राजानं विचार केला, वा! येतोय म्हणालो की हिची डेग वाचली, आणि माझी लाजही वाचली. त्यानं वाटीत नाक घातलं. काही नाही, शून्य. तरी मान डोलावली. "आहाहा! रोशाच! झकास!" एवढ्यावर थांबला असता तर ठीक होतं. पण नाही. बोटं बुडवली आणि दोन्ही मिश्यांना चोपडली. पीळसुद्धा दिला.

मग एक माशी आली. मग दुसरी आली. मग गोठ्यातल्या सगळ्या माश्या आल्या आणि उजव्या-डाव्या मिशीवर ओळीनं बसल्या. दाराबाहेर बांधलेला राजाचा घोडा दाव्याला हिसका देऊन पळाला. प्रधान बघतोय, राणी बघतेय.

"अहो," राणी म्हणाली, "रोशाच्या तेलाला माश्या कधीपासून बसायला लागल्या?"

जमनीबाई म्हणाली, "ते तेल नव्हतंच. म्हशीचं मूत होतं. आता बोल उधो, नाक कुठं घालवलंस?"

राजानं लोहाराच्या घणाकडं पाहिलं, डेगीकडं पाहिलं. लहानपणी छाती चोळणारे हात समोर कमरेवर होते. त्यानं रुमाल खाली टाकला.

"मी घालवलं," तो म्हणाला. "थंडीबाईशी पैज लावली आणि हरलो. तुमच्या सगळ्यांचा वास माझ्या शिंकेनं गेला. आचारी चोर नाही, दासी चोर नाहीत, जमनीबाई तर नाहीच. चोर मी."

तिकडं तळ्यावर पदराची गाठ सुटली. सूं करत सगळे वास परत आले, एका दमात, ज्याच्या त्याच्या नाकात. आणि इतक्या दिवसांनी आख्ख्या दरबाराला पहिला वास कसला आला असेल?

मिशीचा!

राणी खिडकीतून बाहेर गेली. प्रधान दारातून बाहेर गेला, लोहार घण टाकून पळाला. खुद्द राजाला तर पळायलाही जागा नाही, मिशी त्याच्याच तोंडावर. जमनीबाई पोट धरधरून हसली आणि तेलाचे दोन थेंब गरम पाण्यात टाकून म्हणाली, "घे, तोंड धू आधी."

पुढं डेग वाचली, गावाचे गुडघे वाचले. राजा दर हिवाळ्यात रोशाच्या पेंढ्या डोक्यावर वाहायचा, आणि कुणी "लावतोस पैज?" म्हणालं की आधी विचारायचा, "कशावर?" सगळी सुखात राहिली. माश्यासुद्धा.

चला, डोळे मिटा आता. आणि थांबा जरा... या गोधडीत कसला वास येतोय? सगळे एकमेकांकडं काय बघताय? ज्यानं केलं त्यानं कबूल करायचं, मग झोपायचं.