थोरल्या सरकारांचे पिस्टन

हातातलं इंजिन उघडं टाकून माणूस मरतोच कसा? शिदूनं हे डॉक्टरला विचारलं, तेराव्याला आलेल्या भटजींना विचारलं, वहिनीलाही विचारलं. त्याचा थोरला भाऊ दौलू मिस्त्री गेला आणि खडकोशीच्या सरकारांच्या जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन गॅरेजातल्या टेबलावर तसंच पडून राहिलं.

महिना होतो न होतो तोच सरकार चार नवे पिस्टन घेऊन हजर. ट्रॅक्टरबरोबर आलेलं जुनं पुस्तक वाचून त्यांनी ते स्वतः मागवले होते.

"हेच बसवायचे," ते म्हणाले. "आमच्या वडिलांनी, थोरल्या सरकारांनी घेतलेलं इंजिन आहे. त्याचं कणभर लोखंड कापायचं नाही. आणि खंडेनवमीच्या पूजेला धूर न ओकता चालू झालं पाहिजे, दौलूनं तसा शब्द दिलाय. झेपत नसेल तर सांग, शहरात नेतो."

शिदू तिसरीतून शाळा सोडलेला, आणि डोक्याआधी तोंड चालवणारा. "झेपतं की," म्हणून बसला. इंजिन शहरात गेलं तर दौलू मिस्त्रीला शेवटचं काम जमलं नाही, असं गाव म्हणणार. ते त्याला सोसणार नव्हतं.

सरकारांची पाठ वळल्यावर त्यानं मापं घेतली आणि कपाळाला हात लावला. सिलिंडर झिजून रुंद झालेले, नवे पिस्टन त्यांत सैल. सिलिंडर आतून कापून सारखे करायचे आणि मोठ्या मापाचे पिस्टन घालायचे, एवढी एकच वाट होती. बंगल्यावर जाऊन तो तसं सांगूनही आला. सरकारांनी ऐकवलं की वडिलांच्या लोखंडाला हत्यार लावणारा मिस्त्री या गावात राहत नसतो.

शिदू तणतणत परतला. दौलूनं काढून ठेवलेला एक जुना पिस्टन त्यानं रागानं रॉकेलच्या घमेल्यात भिरकावला. राग निवल्यावर बाहेर काढला, तर माथ्यावरची काजळी सुटलेली आणि खाली दोन आकडे कोरलेले. त्यानं ते नखानं खरवडून वाचले. उरलेले तिन्ही पिस्टन पुसून पाहिले. आणि महिन्याभरात पहिल्यांदा हसला.

दुसऱ्या दिवशी सरकारांना निरोप गेला, की पिस्टन बसवायला घेतोय, पहिला तुमच्या हातानं पडू दे. सरकार खूश होऊन आले. बाह्या सारून त्यांनी नवा पिस्टन सिलिंडरच्या तोंडात सोडला. मापाचा पिस्टन सावकाश उतरतो. हा मात्र रिकाम्या पिंपात लोटा पडावा तसा खडखडत गेला आणि खाली शिदूच्या ओंजळीत येऊन पडला.

"दुकानदारानं चुकीचे पाठवले," सरकार गुरगुरले.

"नाही सरकार, पुस्तकातलेच आहेत. पण पुस्तक इंजिन कोरं असतानाचं." शिदूनं जुना पिस्टन पुढे केला. "यावर काय लिहिलंय?"

"वीस."

"आणि तुमच्या नव्यावर?"

"काहीच नाही."

"मूळ मापाच्या पिस्टनवर काही नसतंच. आकडा मोठ्या मापावर असतो, आणि वीस नंबरचा बसवायचा तर आधी सिलिंडर कापावाच लागतो. थोरल्या सरकारांच्या माघारी हे इंजिन कोणी उघडलं होतं?"

"कोणाची बिशाद?" सरकार म्हणाले, आणि तिथंच थबकले.

"मग माझी पंचाईत झाली," शिदू म्हणाला. "कापू नको, हा तुमचा हुकूम. झिजलं की काप आणि मोठा पिस्टन घाल, हा थोरल्या सरकारांचा. दोघांत मोठं कोण तेवढं सांगा, मी त्यांचं ऐकतो."

सरकारांनी पिस्टनवरचा आकडा पुन्हा एकदा वाचला. मग पोट धरून असे हसले, की रस्त्यावरची माणसं गॅरेजात डोकावली. "तीर्थरूपांनी तोंडघशी पाडलं रे आम्हाला! काप बाबा, काप."

सिलिंडर तालुक्याला कापून आले, वीसहून मोठे, चाळीस नंबरचे पिस्टन बसले, आणि खंडेनवमीला इंजिन पहिल्या हाकेला उठलं. धुराची रेघ नाही. सरकारांनी आपला फेटा काढून शिदूच्या डोक्यावर ठेवला, वर आणखी काय हवं ते माग म्हणाले. शिदूनं तासभर ट्रॅक्टर मागितला.

झेंडूच्या माळांसकट तो ट्रॅक्टर त्यानं ओढ्याकाठच्या मसणवट्यात नेला. दौलूला जिथं अग्नी दिला होता, तिथं उभा केला. रेस कमी केली, आणि इंजिन चालूच ठेवून खाली उतरला.