सारखं ऊन

“मग कोणती माती अधिक जिवंत ठरली?”

प्रबंध न उघडताच तेंडोलकरबाईंनी विचारले.

“माणची,” रेणुका म्हणाली. आवाजातला आनंद तिला लपवता आला नाही, लपवायचाही नव्हता.

प्रश्न तसा सरळ होता. सूक्ष्म जीव मातीत विकरे सोडतात, आणि त्या विकरांमुळे पालापाचोळा कुजतो. हे काम कुठे जोमाने चालते: आंबोलीच्या सदाहरित रानात, की माणच्या कोरड्या माळावर? विभागातल्या सर्वांनी रानाच्या बाजूने कौल दिला होता. रेणुका माणमधल्या म्हसवडची. तिचा माळ जिंकला होता, आणि बाईंची सही झाली की प्रबंध सोमवारी विद्यापीठात दाखल होणार होता.

बाईंनी पद्धत विचारली. तिने ती अभिमानाने सांगितली. दोन्ही नमुने एकाच गच्चीवर, एकाच उन्हात खडखडीत वाळवले. मग दोघांना सारखेच पाणी, सारखीच ऊब. कोणालाही झुकते माप नाही.

“न्यायाधीशच झालीस की.”

“तुम्हीच शिकवलंत, बाई.”

“हं…”

बाई उठल्या. खिडकीच्या आत, सावलीत नेच्याची, म्हणजे फर्नची, कुंडी होती. ती उचलून त्यांनी बाहेर कठड्यावर, वैशाखाच्या उन्हात, कोरफडीशेजारी ठेवली.

“दोघींना सारखं ऊन. पाणी कोणालाच नाही. आठवड्याने ये. जी टवटवीत असेल तीच श्रेष्ठ, असं लिहू. सही तेव्हा करते.”

रेणुका हसली. मग हसू थांबले…

तिला गच्ची आठवली. झाडांच्या दाट सावलीतून उचलून आणलेली ती ओलसर, काळी माती आठवली.

ती उठली, नेच्याची कुंडी आत आणली, आणि टेबलावरचा प्रबंध स्वतःच पिशवीत घातला. सोमवार हुकला होता. तरी तिला हलके वाटत होते: माळ हरला नव्हता, सामनाच अजून व्हायचा होता.

दारात मात्र ती थबकली.

“पण बाई, प्रत्येकीला तिच्याच ओलाव्यात, तिच्याच उबेत मोजलं, तर फरक मातीचा की पावसाचा, हे कळणार कसं?”

बाई नेच्याला पाणी घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“मातीतून तिचा पाऊस वेगळा काढून आण… मग सांगते.”