आवडाईची हाक

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. नक्की किती, ते विचारू नका. ज्यांना ठाऊक होतं ते गेले, आणि गेलेल्यांना विचारायची सोय आपल्या आगरवेळ गावात आता राहिली नाही. एके काळी होती. ती का गेली तेच सांगायला बसलोय, तेव्हा मध्येमध्ये बोलू नका आणि त्या लेकराला जरा मांडीवर घ्या.

तेव्हा आपलं गाव शिडाच्या गलबतांचं होतं. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायचा, गलबतं पाण्यात लोटायची, आणि पुरुष निघायचे ते थेट मलबारपर्यंत. परत यायचे ते वैशाखात, पावसाच्या आत. मधले महिने गाव बायकांचं. त्या चुली सांभाळायच्या, पोरं सांभाळायच्या आणि खाडीच्या तोंडाकडे बघत बसायच्या.

त्यांतलीच एक आवडाई. जातीची खारवीण, तरुणपणी विधवा झालेली. तिचा नवरा गेला तेव्हा दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवेना. भाऊबंद हात जोडून म्हणाले, "तुझ्या बायकोला बघू, तुझी जाळी बघू," पण कावळे आपले माडावर ढिम्म. बायका मागे बसल्या होत्या, आणि त्यांच्यातून एकदम घोगरा पुरुषी आवाज आला, "अरे, माझ्या कुत्र्याला कुणी भाकरी घातली का?" बोलली होती आवडाई, आणि कुत्र्याला खरंच कुणी विचारलं नव्हतं. कुणीतरी पळत जाऊन त्याला भाकरी घातली, आणि इकडे कावळा पिंडावर उतरला, असं म्हणतात.

झालं! त्या दिवसापासून लोक तिच्याकडे येऊ लागले. ती मांडीवर सूप घ्यायची, सुपात मूठभर तांदूळ, खांद्यावर मेलेल्याचं एखादं वस्त्र. डोळे मिटून तांदळावरून हात फिरवायची, आणि थोड्या वेळाने बोलायला लागायची. कुणाचा बाप यायचा, कुणाची आई. निरोप साधेच असायचे. शेळी विकू नका, धाकटीला फार रागावू नका, मी बरी आहे. ऐकणारे रडायचे आणि हलके होऊन घरी जायचे. ती त्याबद्दल कुणाकडून काही घेत नसे. सुपातले तांदूळसुद्धा पाखरांना टाकायची.

आता तुम्ही म्हणाल, ढोंगी असेल. नव्हती हो. पण गावातल्या प्रत्येक घरात तिची उठबस, प्रत्येकाची बोलण्याची ढब तिच्या कानात भरलेली. कधीकधी सूप उतरून ठेवल्यावर तिच्या मनात यायचं, तोंड माझं होतं हे खरं, पण शब्द कुणाचे होते? हा प्रश्न तिने कुणाला विचारला नाही. विचारणार कुणाला? ज्याला-त्याला उत्तर हवं असायचं, आणि ते देणारी तीच एकटी होती.

मग ते वर्ष आलं. चैत्रात असं तुफान झालं की माड मुळासकट निघाले. बाकीची गलबतं आली, एक आलं नाही. वैशाख संपला, ज्येष्ठ लागला. दोन गावं पलीकडे एक फुटकी फळी लागल्याची बातमी आली. त्या गलबतावरच्या खारव्यांच्या बायका हातात बांगड्या घालून बसल्या होत्या, पण आपण सवाष्ण की विधवा हे एकीलाही ठाऊक नव्हतं.

गावचे नानाभट म्हणाले, "देह मिळाला नाही तर बारा वर्षं वाट बघावी, असं शास्त्र आहे."

गावचे मुख्य, गावकार म्हणाले, "शास्त्राला आवडाई ठाऊक नव्हती. मेले असतील तर येऊन सांगतील. बोलवा तिला."

आणि इथेच गाव चुकलं. बारा वर्षांचं काम त्यांनी एका सुपावर टाकलं. जो येऊन बोलेल तो मेला, त्याचा दर्भाचा पुतळा करून जाळायचा, बायकोने बांगड्या फोडायच्या. पावसाआधी सगळ्यांचं उरकायचं, असं ठरलं.

आवडाई बसली. एकेकाचा सदरा खांद्यावर आला, एकेक बोलून गेला, आणि खाडीच्या काठावर काकणं फुटत गेली. हिरू नावाचा एक खारवी होता. महातापट माणूस, बायकोशी कधी सरळ बोललेला नाही. तो आवडाईच्या तोंडून म्हणाला, "ठके, तुझ्या हातचं कालवण मला फार आवडायचं गो. पण जीभ जड. कधी म्हटलं नाही." आवाज असा हुबेहूब की नानाभटांनीही उपरण्याने डोळे पुसले. त्याची बायको ठकी ऊर फुटेपर्यंत रडली आणि दगडावर हात आपटून तिने स्वतःच बांगड्या फोडल्या.

शेवटी राहिला रावजी. गोदाबायचा एकुलता लेक. गोदाबाय म्हणजे आवडाईची जिवाभावाची मैत्रीण. दोघींनी एका विळीवर मासे कापलेले. गोदाबायने अन्न सोडलं होतं. ती म्हणायची, "माझं पोर पाण्यात तळमळतंय. त्याला बोलव, त्याची गती कर. मग मी मेले तरी चालेल." आणि तिची सून मंजुळा म्हणायची, "आये, तो वाटेवर आहे. त्याला जिवंतपणी जाळू नकोस." सासू-सून एकाच चुलीपुढे पाठीला पाठ लावून बसत होत्या. दोघींतली एकही खोटी नव्हती, हीच तर पंचाईत.

आवडाईने सूप घेतलं. हात फिरवला, फिरवला, पण काही येईना. समोर गोदाबायचा वाळलेला चेहरा होता. आणि आवडाईच्या तोंडून रावजी बोलला, "आये, मी बरा आहे. रडू नको. जेव."

गोदाबायने पदरात तोंड घातलं. बायका मंजुळेचे हात धरायला पुढे झाल्या. तशी मंजुळा मागे सरून म्हणाली, "थांबा. मला एक विचारू दे. निघालात त्या दिवशी मी काय बोलले?"

"लवकर या म्हणालीस," आवाज म्हणाला. "सांभाळून जा म्हणालीस."

"मी काही म्हणाले नाही," मंजुळा म्हणाली. "आदल्या दिवशी आमचं भांडण झालं होतं. तुम्ही दारात उभे राहून दोनदा हाक मारलीत, आणि मी दाराआड बसून राहिले, बाहेर आले नाही. खरंच तुम्ही असता तर पहिलं तेच विचारलं असतंत."

आवडाईने डोळे उघडले. आज कुणी आलं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. मैत्रिणीचा चेहरा बघवेना म्हणून ती बोलली होती. पण तिला घाम फुटला तो दुसऱ्याच गोष्टीने. न आलेला आवाज आणि इतक्या वर्षांचे आलेले आवाज, दोन्ही तिला आतून सारखेच लागले होते.

गप्प बसली असती तर निभावलं असतं. "पोर भ्रमिष्ट झालीय," म्हणून गावाने मंजुळेच्या बांगड्या फोडल्या असत्या. पण आवडाई उभी राहिली आणि म्हणाली, "हा रावजी नव्हता. ही मी होते."

क्षणभर कुणाला कळेना. मग कळलं, आणि उघड्या हातांच्या बायका तिच्याभोवती गोळा झाल्या.

"मग आमचे?" एकीने विचारलं. "आमचे आले ते कोण होते?"

"ठाऊक नाही गो," आवडाई म्हणाली. "देवाशप्पथ, मला ठाऊक नाही."

गोदाबाय उठली, तिच्यासमोर आली आणि हळूच म्हणाली, "समुद्राने एकदा बुडवलं माझं पोर. तू आज दुसऱ्यांदा बुडवलंस." आणि घरी निघून गेली.

आवडाई तशीच कासाराच्या घरी गेली आणि पदरात हिरव्या बांगड्या घेऊन आली. बायकांपुढे बसून म्हणाली, "माझ्या शब्दावर फोडल्यात. तो शब्द मी परत घेते. हात पुढे करा."

गावकार ओरडले, "विधवांना बांगड्या? अगो, गाव बुडवशील!"

"ह्या विधवा आहेत हे तुम्हाला कुणी सांगितलं?" ती म्हणाली. "मीच ना?"

कुणी रडत हात पुढे केला, कुणी केला नाही. ठकी तर ताडकन उठली. म्हणाली, "माझा नवरा जन्मात एकदाच मला बरं बोलला. तेवढं तरी काढून घेऊ नकोस गं बये." आणि उघड्या हातांनीच ती चालती झाली. त्या बोलण्याने आवडाईला जेवढं लागलं तेवढं शिव्यांनीही लागलं नसतं.

तिने सूप खाडीत सोडून दिलं. खाडीच्या तोंडाशी तो काळा खडक आहे ना, तिथे दिवस कलताना जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मेलेल्यांना बोलावण्यात हयात गेली. आता जित्यांना बोलावते." आणि तिने गलबतावरच्या एकेकाचं नाव घेऊन हाक मारली.

पाऊस लागला तरी ती रोज जायची. आषाढातला समुद्र तुम्हाला ठाऊक आहे, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पण आवडाईने हाक मारली की लाट खडकाच्या पायथ्याशी अडून राहायची, असं म्हणतात. तिची हाक वाऱ्याच्या उलट दिशेने जायची, दीपस्तंभाच्या पुढे, बंदरामागून बंदरं ओलांडून, असंही म्हणतात. मी काही ऐकायला नव्हतो. पण आमच्या आज्याने त्याच्या आज्याकडून ऐकलं होतं, आणि ती माणसं उगाच थापा मारणारी नव्हती.

एक दिवस पाऊस कोसळत असताना तिला वाटलं, डोक्यावरचं पाणी थांबलं. बघते तर मागे गोदाबाय. तिने आपलं पानांचं इरलं आवडाईच्या डोक्यावर धरलं होतं आणि स्वतः भिजत होती. दुसऱ्या दिवशी मंजुळाही आली. रावजीचं नाव आलं की आवडाई गप्प राहायची, आणि ती हाक मंजुळा मारायची. पहिल्याच दिवशी नावापाठोपाठ ती म्हणाली, "मी दाराआड होते हो! ऐकत होते!"

भाद्रपद सरता सरता, ऐन दुपारी, किनाऱ्याच्या वाटेने एक माणूस चालत आला. दाढी वाढलेली, अंगाची काडी झालेली. वाटेवरच्या बायकांनी त्याला पाहिलं आणि माशांच्या पाट्या टाकून "भूत! भूत!" करत धूम ठोकली. भूत म्हणालं, "अगो पळता काय, भूक लागलीय!"

तो हिरू होता. ज्याचा आवाज सगळ्यांत हुबेहूब आला होता, तोच जिवंत होता! तुफानात फळीला धरून दूरच्या कुठल्या किनाऱ्याला लागला होता, महिनोन्महिने तापाने पडून होता.

ठकी दारात आली. कपाळ मोकळं, हात मोकळे. तिने त्याला डोळे भरून पाहिलं आणि पहिलं वाक्य काय बोलावं? म्हणाली, "मेलात तेव्हा मात्र कधी नव्हे ते गोड बोललात!" आणि दाराच्या चौकटीला डोकं टेकून हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. हिरूला काही समजेना. शेजाऱ्यांनी सगळं सांगितलं, कालवणाचंही सांगितलं. तो बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. मग म्हणाला, "ते बोलणं माझं नव्हे. पण खोटंही नव्हे."

आवडाई आली आणि तिने ठकीचे पाय धरले. हिरूने तिला उठवलं. म्हणाला, "आवडाई, मी तिथेच मरायचा. अंगात उठायचं त्राण नव्हतं. पण रोज दिवस कलताना कुणीतरी माझं नाव घेऊन हाक मारायचं. म्हणून उठलो, चालत सुटलो."

सगळं गाव आवडाईकडे बघायला लागलं. गावकारांनी तर हातच जोडले. तिने हलक्या आवाजात विचारलं, "बाईचा आवाज होता?"

"वाऱ्यात काय कळतंय?" हिरू म्हणाला. "मला वाटलं, ठकीच असेल."

ती म्हणू शकली असती, अरे, ती मी होते. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं. पण आवडाई म्हणाली, "असेल रे बाबा. ठकीच असेल." आणि घरी गेली. पुन्हा कुणी कितीही गळ घातली तरी तिने सुपाला हात लावला नाही.

बाकीचे आले नाहीत. रावजीही आला नाही. मंजुळा पिकलं पान होईस्तोवर हिरव्या बांगड्या घालून त्या खडकावर जात राहिली. कुणी म्हणतात तो फार लांब निघून गेला होता, कुणी म्हणतात तो पहिल्याच रात्री बुडाला. मला विचाराल तर मला ठाऊक नाही, आणि असं म्हणायला मी आवडाईकडूनच शिकलो.

अजूनही आपल्या गावात समुद्रावर गेलेला माणूस परतला नाही तर त्याच्या बायकोच्या बांगड्यांना कुणी हात लावत नाही. कधी उतरवायच्या ते तिचं ती ठरवते. उतरवल्याच नाहीत तरी कुणी चकार शब्द काढत नाही. आणि नारळी पौर्णिमेला नारळ दिल्यावर सगळे त्या खडकाकडे जातात. जिचा माणूस आला नाही ती पुढे होते आणि त्याच्या नावाने एकदा हाक मारते. त्या वेळी कुणी ओ द्यायची नाही. गमतीने नाही, मायेनेही नाही. ती कान देऊन उभी असते तोवर सगळं गाव तिच्यामागे गप्प उभं राहतं, आणि ती माघारी वळली की मगच आम्ही वळतो.